खिशातल्या चिल्लरची किंमत कशी ठरते? एका मोजपट्टीची चिकित्सा

गेल्या दिवाळीत मामांकडे गेले होते. चहा झाल्यावर त्यांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आणला आणि माझ्यासमोर वर्तमानपत्रावर पालथा केला. मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत आणि डब्यात त्यांची तीस-चाळीस वर्षांची साठलेली चिल्लर होती. कंगोऱ्याच्या कडेचे अ‍ॅल्युमिनियमचे दहा पैसे, कमळाचे पितळी वीस पैसे, गेंड्याचे पंचवीस पैसे, जुने जाडजूड पाच रुपये. आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत वेगळं ठेवलेलं, वैष्णोदेवीचं चित्र असलेलं, २०१२ सालचं पाच रुपयांचं नाणं.

"याचे दहा लाख येतात म्हणे," मामा म्हणाले. मग हळूच पुढचं सांगितलं. मोबाईलवर एक व्हिडिओ बघून त्यांनी नंबर लावला होता. पलीकडच्या माणसाने आधी नोंदणीचे पैसे मागितले, मग करापोटी आणखी थोडे. दोन वेळा मिळून सहा हजार दोनशे रुपये गेले आणि तिसऱ्या दिवसापासून तो नंबर लागेनासा झाला. मामींना अजून माहीत नाही.

"जाऊ दे ते," मामा म्हणाले. "तू पीएचडी करतेस ना? मग मला एवढंच सांग, याची खरी किंमत किती?"

मी पटकन "पाच रुपये" म्हणाले. ते हसले नाहीत. त्यांनी प्रश्न मनापासून विचारला होता आणि मी त्याचं उत्तर टाळलं होतं, हे मला परतीच्या गाडीत कळलं. कारण त्याच महिन्यात आमच्या मॅडमनी माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण परत केलं होतं आणि समासात पेन्सिलीने जवळपास असाच प्रश्न लिहिला होता. त्याबद्दल शेवटी सांगते. आधी नाण्यांकडे वळू. संशोधनाच्या वाटेवर असलेल्या तुमच्यासारख्यांना पुरावा, मोजमाप आणि मत यांतला फरक शिकायचा असेल, तर नाणेसंग्राहकांची पद्धत हा फार चांगला धडा आहे. ती जिथे पक्की आहे तिथून शिकायला मिळतंच, पण जिथे ती घसरते तिथून जास्त शिकायला मिळतं.

संग्राहक नेमकं काय बघतात?

व्हिडिओवाले "जुनं आणि दुर्मीळ" एवढंच म्हणतात. मुरलेला संग्राहक चार वेगवेगळे प्रश्न विचारतो: नाणं खरं आहे का? अशी किती नाणी आज शिल्लक आहेत? हे कोणत्या अवस्थेत आहे? आणि ते हवं असणारी माणसं किती?

या चारांत वय कुठेच नाही, हे बघा. दीडशे वर्षांपूर्वीचा व्हिक्टोरिया राणीचा तांब्याचा पाव आणा आजही जुन्या बाजारात किरकोळ पैशांत मिळतो, कारण तो प्रचंड संख्येने पाडला गेला होता आणि भरपूर उरला आहे. उलट तुमच्या खिशातलं पंधरा वर्षांपूर्वीचं एखादं नाणं संग्राहकाला हवं असू शकतं. वय हे दुर्मीळतेचं कारण असू शकतं, पुरावा नाही. तुमच्या पहिल्या संशोधन आराखड्यात "हा विषय जुना आहे म्हणून महत्त्वाचा आहे" असं वाक्य असेल, तर ते याच कारणासाठी खोडा.

दुसरी गोष्ट म्हणजे संग्राहक 'एक नाणं' म्हणून जे धरतात ते आपण धरतो त्यापेक्षा फार बारीक असतं. भारतात आज चार सरकारी टांकसाळी आहेत: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. सालाच्या खाली बघा. बारीक चौकट, म्हणजे हिऱ्याचा आकार, असेल तर मुंबई. चांदणी असेल तर हैदराबाद. गोल ठिपका असेल तर नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. शिवाय नव्वदच्या दशकाच्या शेवटी काही नाणी मॉस्को, प्रिटोरिया अशा परदेशी टांकसाळींत पाडून आणली होती, त्यांच्या खुणा निराळ्या. त्यामुळे आपल्या दृष्टीने जो एकच रुपया, तो त्यांच्या यादीत त्याच सालाचे चार निरनिराळे नमुने असतो.

ही वर्गवारीची शिस्त मला मनापासून आवडते. कोलकात्याची खूण म्हणजे खुणेचा अभाव, हे तर फारच छान. पण यात एक अडचणही आहे. झिजलेल्या नाण्यावरचा ठिपका पुसला गेला असेल, तर नोएडाचं नाणं कोलकात्याचं दिसेल. 'आढळलं नाही' आणि 'नव्हतं' या दोन गोष्टी इथे एकमेकींत मिसळतात. प्रयोगशाळेत रिकाम्या रकान्यात शून्य लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण लक्षात ठेवावं.

किती पाडली आणि किती उरली

दुर्मीळतेसाठी सगळ्यात सोपा आकडा म्हणजे टांकसाळीने किती नाणी पाडली तो. सोपा आहे म्हणून सगळे तो वापरतात, आणि इथेच पद्धत पहिल्यांदा डगमगते.

१९११ सालचा पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया घ्या. त्या काळी तो रोजच्या व्यवहारातला रुपया. राजाच्या अंगावरच्या साखळीत एक हत्ती कोरला होता, पण तो इतका बारीक आणि ओबडधोबड होता की लोकांना तो डुक्कर वाटला. लोकांच्या धार्मिक भावना दुखावल्या, बोभाटा झाला आणि पुढच्या वर्षी हत्ती नीट सोंडेसकट कोरून घेतला गेला. या १९११ च्या रुपयांपैकी साधारण ९४ लाख पाडले गेले होते, पण बाहेर गेले सुमारे सातच लाख. उरलेले वितळवले गेले. तुम्ही फक्त 'पाडली' हा रकाना वाचलात तर नाणं मुबलक, 'बाहेर गेली' हा वाचलात तर चांगलंच कमी. शिवाय त्या सात लाखांतले दागिन्यांसाठी किती वितळले, याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

म्हणजे पाडलेल्या नाण्यांची संख्या ही उरलेल्या नाण्यांची वरची मर्यादा सांगते, खुद्द दुर्मीळता नाही. आपण ज्याला 'प्रॉक्सी' म्हणतो तो हा आकडा. थेट मोजता येत नाही म्हणून जवळचं काहीतरी मोजायचं. त्यात गैर काही नाही, पण मधली साखळी (पाडली, बाहेर गेली, वापरली, हरवली, वितळली, उरली) विसरून चालत नाही. आपल्याकडची जुनी जाड पाच रुपयांची तांबे-निकेलची नाणी आठवा. धातूची किंमत चढली की अशी नाणी वितळवणाऱ्यांच्या डोळ्यांत भरतात, आणि कोणत्या सालातली किती गेली याचा हिशेब कुणाच्या वहीत नसतो.

आता उलटं उदाहरण. ब्रिटनमध्ये २००९ साली क्यू गार्डन्स या वनस्पतीउद्यानाला २५० वर्षं झाली म्हणून ५० पेन्सचं नाणं काढलं. संख्या फक्त २ लाख १० हजार. काही वर्षं ते लोकांच्या खिशांतून मुकाट फिरत होतं. दुकानात चॉकलेट घेताना दिलं-घेतलं जात होतं. मग हा कमी आकडा बातम्यांमधून सगळीकडे झाला आणि भाव दर्शनी किमतीच्या कितीतरी पटींनी वर गेला. नाणी कमी झाली नव्हती. 'ही कमी आहेत' हे माहीत असलेल्या माणसांची संख्या वाढली होती.

म्हणून चौथा प्रश्न, 'ते हवं असणारी माणसं किती?', हा बाकी तिघांपेक्षा वेगळ्या जातीचा आहे. पहिले तीन नाण्याबद्दल आहेत, चौथा आपल्याबद्दल. संग्राहकांच्या किंमतयाद्या या चौघांना एकाच आकड्यात घोटतात आणि मग तो आकडा नाण्याच्याच अंगचा गुण असल्यासारखा वाचला जातो. माझा पहिला आक्षेप हा.

चूक टांकसाळीची की रेल्वेरुळाची?

टीका करायला बसले आहे, पण जिथे कौतुक करायला हवं तिथे हात आखडता घेणार नाही. चुकीच्या नाण्यांची पारख हा संग्राहकांच्या पद्धतीतला सगळ्यात वैज्ञानिक भाग आहे.

समजा तुम्हाला एक रुपया मिळाला आणि त्याच्या कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा गायब आहे. ही टांकसाळीतली चूक असेल तर संग्राहकाला हवीच. कुणी घरी कानशीने घासून केलं असेल तर ते फक्त खराब केलेलं नाणं. नुसतं बघून कसं ठरवायचं?

इथे नाणं कसं बनतं ते माहीत असावं लागतं. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर नवी चकती आधीच्या भोकावर चढते आणि तिची एक बाजू चंद्रकोरीसारखी कापलेली निघते. नंतर या चकत्या दाबून फिरवतात, म्हणजे त्यांची कड जराशी उचलली जाते. शेवटी ठसा मारतात. आता विचार करा: कड उचलताना चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला तुकडाच नसेल, तर ती बाजू दाबाखाली येते तेव्हा समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही. म्हणजे तुकडा गेला आहे त्याच्या बरोबर समोरची कड अर्धवट उठलेली, पुसट असायला हवी. याला ब्लेक्सली परिणाम म्हणतात. कानशीने घासलेल्या नाण्याची समोरची कड मात्र ठणठणीत असते, कारण ते घासलं गेलं कड उठून झाल्यानंतर.

हे वाचून मी खुर्चीतून उठले होते. गृहीतक, त्यातून निघणारं भाकीत, आणि ते भाकीत नाण्यावर जिथे कुणी बघतही नाही अशा जागी तपासायचं! दोष डाव्या बाजूला, पुरावा उजव्या बाजूला. आपल्या क्षेत्रातल्या कितीतरी शोधनिबंधांत एवढी नेटकी मांडणी नसते.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवायचं म्हणून १९४३ मध्ये त्यांनी एक सेंटची नाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची पाडली. तरी आदल्या वर्षीच्या काही ब्राँझच्या चकत्या यंत्रात राहून गेल्या असाव्यात, कारण १९४३ चे ब्राँझचे सेंट सापडले. जेमतेम वीस-पंचवीस, म्हणून त्यांची किंमत अफाट. साहजिकच बनावटही निघाले. लोहचुंबक लावा: चिकटलं तर ते पोलादी नाण्यावर चढवलेलं तांबं. नाही चिकटलं तर? तर लगेच नाचू नका. कुणीतरी १९४८ च्या ब्राँझ सेंटमधला ८ खरवडून त्याचा ३ केला असेल, आणि तो चुंबकाला चिकटणार नाहीच. वजनही उपयोगाचं नाही, कारण दोन्ही ३.११ ग्रॅमचे. तिथे भिंगाखाली आकड्याचं वळणच बघावं लागतं.

प्रत्येक चाचणी एकेक पर्यायी स्पष्टीकरण बाद करते, सगळी नाही. "माझ्या नमुन्याने चाचणी पार केली" असं लिहिण्याआधी "ही चाचणी कुणाला अडवते आणि कुणाला अडवत नाही?" हे विचारा. तोंडी परीक्षेत हाच प्रश्न येतो, लिहून ठेवा.

सत्तरची पट्टी

आता मुख्य मुद्दा. अवस्था.

नाणं किती झिजलं आहे, त्यावर ओरखडे किती, मूळची चमक किती उरली, यावरून संग्राहक त्याला १ ते ७० मधला एक अंक देतात. १ म्हणजे कुठलं नाणं आहे एवढंच जेमतेम ओळखू येतं. ७० म्हणजे निर्दोष. आज जगभर मोठ्या लिलावांत हा अंक चालतो. परीक्षण करणाऱ्या कंपन्या नाणं पारदर्शक डबीत सीलबंद करून वर अंक छापून देतात. नाणं कुणाचं आहे हे न सांगता एकाहून जास्त परीक्षकांना ते स्वतंत्रपणे दाखवायचं, ही त्यांची रीत चांगलीच आहे.

पण सत्तरच का? शंभर का नाही, दहा का नाही? याचं उत्तर शोधताना मला विल्यम शेल्डन सापडला. हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळातल्या मोठ्या तांब्याच्या सेंटचा संग्राहक. १९४९ मध्ये त्याने या सेंटवर पुस्तक लिहिलं आणि त्यात ही पट्टी मांडली. त्याची कल्पना अशी: प्रत्येक प्रकाराची एक पायाभूत किंमत धरायची, म्हणजे अगदी झिजलेल्या नाण्याची. तिला अवस्थेच्या अंकाने गुणायचं, की झाली किंमत. झिजलेलं एक डॉलरला, तर निर्दोष सत्तर डॉलरला. म्हणजे सत्तर हा आकडा धातूवरून आला नाही, तो त्या वेळच्या बाजारभावावरून आला.

गुणाकार फार दिवस टिकला नाही. कोऱ्या नाण्यांचे भाव झिजलेल्यांच्या कितीतरी पुढे पळाले आणि सूत्र मोडलं. सूत्र गेलं, अंक मात्र राहिले. मूळचं कारण संपल्यावरही तेच अंक पुढे इतर सगळ्या नाण्यांना लावले गेले, आणि आज ते अवस्थेचं 'मोजमाप' म्हणून वापरले जातात.

या पट्टीत तीन दोष आहेत. तुम्ही कोणत्याही शाखेचे असा, ते नीट बघा.

पहिला: पट्टीवर सगळे अंक वापरातच नाहीत. २० नंतर २५, मग ३०, ३५, ४०. २७ असा दर्जा कुणी देत नाही. वर ५०, ५३, ५५, ५८ आणि मग ६० ते ७० मात्र एकेक करत. म्हणजे ६३ आणि ६४ मधलं अंतर आणि २० आणि २५ मधलं अंतर यांची तुलनाच होत नाही. हे क्रम आहेत, अंतरं नव्हेत. ४० चं नाणं २० च्या नाण्यापेक्षा चांगलं आहे, एवढंच म्हणता येतं. दुप्पट चांगलं म्हणता येत नाही.

दुसरा: क्रमही शुद्ध नाही. ५८ म्हणजे किंचित वापरलेलं, ६० म्हणजे अजिबात न वापरलेलं. पण न वापरलेलं नाणंही टांकसाळीच्या पोत्यात इतर नाण्यांवर आपटून ओरखड्यांनी भरलेलं असू शकतं. त्यामुळे ५८ चं नाणं ६० च्या नाण्यापेक्षा सुंदर दिसतं, हे संग्राहक स्वतःच सांगतात. झीज ही एक गोष्ट, देखणेपण ही दुसरी. दोन अक्ष दुमडून एका रेषेवर बसवले की अशी गाठ पडणारच.

तिसरा: मापन पुन्हा पुन्हा करता येतं, आणि त्यात पैसा गुंतलेला आहे. ६४ आणि ६५ यांच्या भावात मोठी दरी असेल, तर मालक डबी फोडून नाणं पुन्हा तपासायला पाठवतो. ६५ मिळेपर्यंत. पहिले निकाल विसरायचे, शेवटचा ठेवायचा. बरं, कंपन्या कोणत्या दर्जाची किती नाणी तपासली याची यादी देतात, तिच्यात हेच एक नाणं दोन-तीनदा मोजलं जाऊ शकतं. आपल्याकडे मनासारखं पी-मूल्य येईपर्यंत विश्लेषण बदलणाऱ्यांना आपण काय म्हणतो? तेच इथेही म्हणायला हवं.

आणि आता यातली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट. शेल्डनचा मूळ धंदा नाणी नव्हता. माणसांच्या शरीरांकडे बघून त्यांना अंक द्यायचे आणि त्यावरून स्वभाव सांगायचा, हा त्याचा संशोधनाचा विषय. तो सिद्धांत आता कुणी मानत नाही. पण चाळीसच्या दशकातल्या त्या पुस्तकांत त्याचा सहलेखक होता एस. एस. स्टीव्हन्स. नाव ओळखीचं वाटतंय? नेटच्या अभ्यासात तुम्ही घोकता ना, मोजपट्ट्यांचे चार प्रकार: नामनिर्देशक, क्रमवाचक, अंतराल आणि गुणोत्तर? ती वर्गवारी याच स्टीव्हन्सने १९४६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडली. क्रमवाचक पट्टीवर गुणाकार करू नये हे ज्याच्यामुळे जगाला कळलं, त्याच्याच जुन्या सहकाऱ्याने तीन वर्षांनी क्रमवाचक पट्टी घेऊन गुणाकार केला!

शेल्डनच्या मृत्यूनंतर आणखी एक गोष्ट उघड झाली. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट काढून घेऊन त्याने त्यांच्या जागी कमी दर्जाचे ठेवले होते. माणूस अप्रामाणिक निघाला म्हणून पट्टी चुकीची ठरत नाही, ती तिच्या दोषांनीच चुकीची ठरते. पण इतकं नक्की, की 'कमी दर्जाचं' म्हणजे काय हे त्याला पक्कं माहीत होतं.

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत

आता मामांच्या व्हिडिओकडे येते. त्यात वरच्या चारपैकी एकही प्रश्न विचारलेला नव्हता. होती फक्त शब्दांची उसनवारी: 'दुर्मीळ', 'संग्राहक', 'लिलाव'. आणि एक स्क्रीनशॉट, ज्यात कुणीतरी तेच नाणं दहा लाखांना विकायला लावलं होतं.

विकायला लावलं होतं. विकलं गेलं नव्हतं. मी माझ्या खिडकीतली तुळस एक कोटीला विकायला काढू शकते, त्याने तुळशीची किंमत एक कोटी होत नाही. शहाणा संग्राहक मागितलेला भाव बघतच नाही, तो झालेले व्यवहार बघतो. तेही सावधपणे, कारण लिलावात मुळात निवडक चांगली नाणीच येतात आणि बातमी होते ती त्यातल्याही सगळ्यात महागाची. तुमच्या डब्यातलं नाणं त्या गटाचं प्रतिनिधी नसतं. वैष्णोदेवीचं नाणं तर स्मरणार्थ काढलेलं असलं तरी सर्वसाधारण चलनात सोडलेलं, म्हणून कितीतरी घरांत सापडतं.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी निवेदन काढून स्पष्ट केलं होतं, की आपण जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत नाही, त्यासाठी कुठलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि आपलं नाव वापरून कुणी पैसे मागत असेल तर ती फसवणूक आहे. मामांपर्यंत हे निवेदन पोचलं नाही, व्हिडिओ पोचला.

इथे माझा संग्राहकांवर दुसरा, जरा कडक आक्षेप आहे. ते म्हणतील, भामट्यांशी आमचा काय संबंध? थेट काहीच नाही. पण नाण्याच्या किमतीला एक टोकदार, आत्मविश्वासाने भरलेला आकडा चिकटवायची सवय त्यांच्या किंमतयाद्यांनीच लावली. 'या अवस्थेत, अशा गिऱ्हाइकाला, साधारण इतक्यापासून इतक्यापर्यंत' असं कुणी छापत नाही. अनिश्चितता गाळलेला आकडा एकदा बाहेर पडला, की त्याच्यापुढे शून्यं जोडणाऱ्याला फारसे कष्ट पडत नाहीत. आपल्या शोधनिबंधांतल्या सरासऱ्या त्रुटीच्या पट्टीशिवाय वर्तमानपत्रात जातात तेव्हा हेच होतं.

आणि आता माझं तिसरं प्रकरण

माझं काम हळदीच्या पानांवरच्या करप्यावर आहे. दोन हंगाम शेतांत हिंडून मी पानांना ० ते ५ गुण दिले. ० म्हणजे निरोगी, ५ म्हणजे पान जवळजवळ करपलेलं. मग प्रत्येक वाणाची सरासरी काढली आणि लिहिलं, "या वाणात रोगाची तीव्रता दुसऱ्याच्या निम्मी आढळली." मॅडमनी 'निम्मी' या शब्दाभोवती गोल काढला आणि समासात लिहिलं: "४ म्हणजे २ च्या दुप्पट करपा का? कशावरून?"

शेल्डनवर हसायचा हक्क मला त्या क्षणी राहिला नाही. मी त्याचाच गुणाकार करत होते.

मग एक साधा खेळ केला. मेसच्या सुट्ट्या पैशांतली बारा पाच रुपयांची नाणी घेतली आणि हॉस्टेलमधल्या तीन मैत्रिणींना वेगवेगळं बसवून अवस्थेप्रमाणे ओळीत लावायला सांगितली. सगळ्यात चकचकीत आणि सगळ्यात झिजकं यांवर तिघींचं एकमत. मधल्यांवर भांडणं. नंतर माझ्या पानांच्या फोटोंवर एका ज्युनिअरला न सांगता गुण द्यायला लावले, तेव्हाही तेच झालं: ० आणि ५ जुळले, २ आणि ३ मध्ये सगळा गोंधळ. माझा अख्खा निष्कर्ष त्या २ आणि ३ वरच उभा होता.

तुमच्या कामात कुठेही डोळ्यांनी दिलेले गुण असतील, मग तो रोग असो, चव असो, प्रश्नावलीतला 'पूर्णपणे सहमत' असो, तर मी आता जे करते आहे ते सुरुवातीलाच करा. मूळ नमुना किंवा त्याचा फोटो जपून ठेवा, कारण अंक बदलता येतो, गेलेलं पान परत येत नाही. दोन जणांकडून स्वतंत्रपणे गुण घ्या आणि त्यांचं किती जुळतं ते भारित कप्पा काढून सांगा. क्रमवाचक गुणांना मध्यक आणि क्रमावर आधारलेल्या चाचण्या लावा. 'दुप्पट', 'निम्मं' म्हणायचंच असेल तर खरोखर मोजता येणारं काहीतरी मोजा. मी आता 'इमेजजे'मध्ये पानाचं करपलेलं क्षेत्रफळ टक्क्यांत काढते आहे. वेळ लागतो. सहा महिने मागे गेले आहे.

आणि नमुना 'स्वच्छ' करू नका. हे मामांमुळे कळलं. व्हिडिओवाल्याला फोटो पाठवण्याआधी त्यांनी डब्यातली निम्मी नाणी चिंच-मिठाने घासून लख्ख केली होती. संग्राहकाच्या दृष्टीने हे सगळ्यात मोठं नुकसान, कारण घासताना मळाबरोबर मूळचा पृष्ठभागही जातो आणि नाणं काय-काय भोगून आलं ते सांगणारा पुरावाही. विचित्र दिसणारी निरीक्षणं आकडेवारीतून पुसून टाकायचा मोह होईल तेव्हा ती लख्ख नाणी आठवा.

संक्रांतीला पुन्हा मामांकडे गेले तेव्हा त्यांच्या प्रश्नाचं नीट उत्तर घेऊन गेले. म्हटलं, मामा, नाणं खरं आहे. अशी पुष्कळ आहेत. तुमचं वापरलेलं आहे आणि घासलेलंही. ते जास्त पैसे देऊन घेणारं माणूस मिळेलही, पण दर्शनी किमतीहून थोडंफार जास्त, लाखांत नाही. आणि विकायला कधीच आधी पैसे भरावे लागत नाहीत.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे चार प्रश्न मला एका कागदावर लिहून दे. शेजारच्या आप्पांकडेपण एक डबा आहे."

मी लिहून दिले. मामींना मात्र त्यांनी अजून सांगितलेलं नाही.